‘अनफिट’चा शेरा आणि रोजचे चार तास

प्रश्न : ताई, वय 51. एका सरकारी कार्यालयात 24 वर्षं लेखा शाखेत होतो. 2021 च्या दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात अर्धाच. रजा संपल्यावर मेडिकल बोर्डापुढे गेलो. ‘सेवेस कायमचा अपात्र’ असा शेरा मिळाला आणि रुग्णता निवृत्तिवेतनावर घरी बसलो. आता नारायण पेठेतले एक कर सल्लागार रोज चार तास टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी टाकायचं काम द्यायला तयार आहेत. मेव्हणे म्हणतात, पेन्शन बंद होईल. मला टोचणी वेगळीच आहे. आजारी म्हणून पेन्शन घ्यायची आणि कामालाही जायचं, ही लबाडी नाही का? आणि त्या वेळी ऑफिसने मला दुसरं टेबल द्यायला हवं होतं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पत्र डाव्या हाताने लिहिलंत ना? प्रत्येक ओळ शेवटी वर चढलीय. माझ्याही ओळी अशाच चढायच्या.

आधी मेव्हण्यांचं मिटवू. तुमचं निवृत्तिवेतन हे तुम्ही केलेल्या 24 वर्षांच्या नोकरीचं आहे. पेन्शन ही सरकारची खैरात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजीच सांगितलंय. पेन्शनर मंडळी तो दिवस पाळतात तो उगीच नाही. खासगी ठिकाणी चार तास काम केलं म्हणून ते थांबत नाही. पुन्हा सरकारी नोकरी धरली तर पेन्शनवरची महागाईवाढ चालू राहील का, हा प्रश्न येतो, तो इथे नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना पुन्हा नोकरी धरलीय का असं विचारलं, तर आहे ते लिहा. आणि पगार बँकेतच घ्या. पाकिटातून रोख घेतलेत, तर लबाडी नसतानाही लबाडीसारखं दिसेल.

आता टोचणी. मीही बँकेतून अशीच बाहेर पडले, वय 46, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. दोन वर्षांनी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला जाऊ लागले, तेव्हा सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टमध्ये गाठलंच. ‘बरी झालीस वाटतं! मग पेन्शन कशी गं चालू?’ पाचव्या मजल्यापर्यंत मी गप्प. घरात शिरल्यावर रडले आणि मग स्वतःचीच कागदपत्रं काढून वाचली. तुम्हीही वाचा. बोर्डाच्या दाखल्यावर तुम्ही ‘आपल्या खात्यातल्या पुढील सेवेसाठी’ अपात्र, अशा अर्थाचं वाक्य असेल. जगातल्या सगळ्या कामांना अपात्र, असं कुठे लिहिलंय? आठ तास ऑफिस, फायलींचे गठ्ठे, दोन बस बदलून जाणं हे तुम्हाला जमत नव्हतं, आजही जमणार नाही. चार तास खुर्चीत बसून व्हाउचर टाकणं ही वेगळी गोष्ट. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पण मला खरी काळजी पेन्शनची नाही, चार तासांची आहे. पक्षाघातानंतरचा थकवा झोपून जात नाही, आणि बाहेरून दिसतही नाही. हो म्हणण्याआधी घरीच पंधरा दिवस तालीम करा. अकराला तयार होऊन टेबलाशी बसायचं, तीनपर्यंत खोट्या नोंदी टाकायच्या. कितव्या तासाला आकडे उलटसुलट व्हायला लागतात ते वहीत लिहा. माझी गाडी अडीच तासांना अडायची, मे महिन्यात तर दीडलाच, कारण उकाड्याने माझ्या आजारात नसा आणखी थकतात. मी प्रकाशकाला सांगितलं, अडीच तास येईन, पैसेही तेवढेच द्या. त्यांनी चहासुद्धा माझ्या वेळेला ठेवला!

कीबोर्डचं बघा. आकड्यांचे खण उजवीकडे असतात आणि तुमचा चालणारा हात डावा. यूएसबीने लागणारा आकड्यांचा वेगळा छोटा कीपॅड मिळतो, तो डावीकडे ठेवायचा. माउसही डावीकडे घ्या आणि सेटिंगमध्ये त्याची बटणं उलटी करा. टॅलीत नवं लेजर, म्हणजे खातं, उघडायला ऑल्ट आणि सी एकत्र दाबावं लागतं. एका हाताने बोटं फाकवत बसण्यापेक्षा विंडोजमधलं ‘स्टिकी कीज’ चालू करा. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की ते विचारतं. मग आधी ऑल्ट, सावकाश सी. हे मागताना संकोच करू नका, दिव्यांगांच्या कायद्यात यालाच वाजवी सुविधा म्हणतात.

आणि जागा बघून या. नारायण पेठ म्हणजे जुन्या वाड्याचा लाकडी जिना असू शकतो, कठडा एकाच बाजूला. चढताना डावीकडे असलेला कठडा उतरताना तुमच्या उजव्या हाताला येतो, हे घरी बसून सुचत नाही. स्वच्छतागृह कुठे आहे, उंबरा किती, कमोड आहे का, हे पगाराच्या आधी विचारा. वनाझहून मेट्रोने डेक्कन, पुढे रिक्षा. गणपतीत मात्र पेठेत रिक्षा आत शिरत नाही. त्या दहा दिवसांचं काम घरून, हे आधीच ठरवा.

दुसऱ्या टेबलाचं. हो, द्यायला हवं होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 20 सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेने माणसाला काढू नये, त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्यावं, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपलीकडचं जादा पद करावं. 1995 च्या जुन्या कायद्यातही हे होतं. पाय कापावा लागलेल्या कुणाल सिंग या शिपायाच्या खटल्यात 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की रुग्णता निवृत्तिवेतन दिलं म्हणून हे संरक्षण हिरावून घेता येत नाही. तुम्ही स्वतः अर्ज केला होता की खात्याने बोर्डापुढे पाठवलं, यावर बरंच अवलंबून आहे. कागद घेऊन सेवाविषयक खटले लढणाऱ्या वकिलाकडे जा. दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे, तिथेही तक्रार देता येते. उशीर मात्र आणखी नको.

त्यासाठी आणि एरवीही दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. मेडिकल बोर्डाचा दाखला म्हणजे ते नव्हे. अर्ज ऑनलाइन करून ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. 40 टक्के किंवा जास्त भरलं तर जुन्या करपद्धतीत करपात्र उत्पन्नातून 75,000 रुपयांची वजावट मिळते. हे तुमच्या नव्या साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार म्हणा.

राहिली सही. पगाराच्या खात्यावर जुनी उजव्या हाताची सही असेल तर बँकेत जाऊन बदलून घ्या. जुनी वळणं डाव्या हाताने गिरवत बसू नका, दोन चेक परत येतील आणि तुम्ही वैतागाल. नवी सही छोटी ठेवा. माझी आता फक्त ‘वि’ आहे आणि पुढे एक आडवी रेघ.