शॉट बरोबर होता, बॉल गेला नाही

मागच्या अंकात एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या संघांचे डावपेच आणि घरगुती गुंतवणूक यांवर लेख होता. 'निर्णय आणि निकाल वेगवेगळे मोजा' हे त्याचं म्हणणं. त्यावर खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी भुसावळला शाळेच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो, थोडेफार शेअरही घेतो. 2018 मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने ओळीने 27 थ्री-पॉइंटर (रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) चुकवले आणि सामना घालवला. तरीही थ्री-पॉइंटरवर भर देण्याचा त्यांचा डाव बरोबर होता असं कसं म्हणायचं? आणि बाजारात आपला निर्णय चुकला की नुसतं नशीब फिरलं, हे ओळखायचं कसं?
— वाचक, भुसावळ

उत्तर : तो सामना 28 मे 2018 चा, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमधला (लीगच्या पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेतला) सातवा. ह्यूस्टनचे 44 पैकी 7 थ्री-पॉइंटर पडले आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स 101-92 ने जिंकले. आता हिशेब मांडू. शंभरात 35 थ्री-पॉइंटर पडत असतील तर एका शॉटची सरासरी किंमत 0.35 × 3, म्हणजे 1.05 गुण होते. रेषेच्या आतून पण लांबून मारलेले टू-पॉइंटर (दोन गुणांचे शॉट) शंभरात 40 पडले तर किंमत 0.80. या दराने 44 शॉटपैकी 15 पडायला हवे होते, पडले 7. म्हणजे 24 गुण हातचे गेले आणि हार झाली 9 गुणांनी. याच पद्धतीने खेळून त्या मोसमात त्यांनी 82 पैकी 65 सामने जिंकले होते. एका रात्रीवरून ती मोडीत काढता येत नाही.

पण 'नशीब' म्हणून सोडूनही द्यायचं नसतं. ह्यूस्टनचा क्रिस पॉल दुखापतीमुळे मालिकेतले शेवटचे दोन सामने खेळला नाही, त्यामुळे बाकीच्यांवरचा भार वाढला. अशा वेळी एकेक शॉट तपासावा. मारणारा मोकळा होता का, पाय स्थिर होते का, शॉट मारायला मिळणाऱ्या 24 सेकंदांच्या घड्याळात किती वेळ उरला होता? या प्रश्नांची उत्तरं बॉल पडला की नाही यावर अवलंबून नसतात, म्हणून ती उपयोगाची.

ह्यूस्टनची चाल तुमच्या मुलांना मात्र लावू नका. त्यांचे थ्री-पॉइंटर शंभरात 25 पडत असतील तर किंमत 0.75, आणि बास्केटजवळून 50 पडत असतील तर 1.00. थ्री-पॉइंटर परवडायला त्याची टक्केवारी टू-पॉइंटरच्या निदान दोन-तृतीयांश लागते, इथे ती 33 च्या वर हवी. आधी मोजून घ्या. रेषेवरच्या पाच जागा ठरवा, प्रत्येक जागेवरून 20 शॉट, आणि तेही कोर्टच्या चार-पाच फेऱ्या पळून झाल्यावर. ताज्या दमाने काढलेली टक्केवारी चौथ्या क्वार्टरमध्ये टिकत नाही. आपल्याकडच्या कोर्टवर ही रेषा 6.75 मीटरवर असते, एनबीएत 7.24 वर, हेही लक्षात असू द्या.

शेअरचं तसंच. कुणी बड्या गुंतवणूकदाराने घेतला म्हणून आपण घेणं म्हणजे दुसऱ्याच्या टक्केवारीवर आपला शॉट मारणं. त्याच्याकडे दहा वर्षं थांबण्याची ताकद असेल, तुमच्या मुलीची फी जूनमध्ये भरायची असेल. त्यासाठी एक वही करा. शेअर घेण्याच्या आधी, नंतर नव्हे, तीत लिहा: तारीख, भाव, घेण्याचं कारण दोन वाक्यांत, एकूण पैशातला त्याचा वाटा, आणि कोणता आकडा दिसला तर माझं चुकलं असं मी मानेन. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोरा राहतो. 'कंपनी चांगली आहे' ही नोंद नव्हे. 'विक्री वर्षाला 12 टक्क्यांनी वाढते आहे, कर्ज कमी होतं आहे. सलग दोन तिमाहींत कर्ज वाढलं तर बाहेर' ही नोंद झाली. तिमाही संपल्यावर साधारण 45 दिवसांत कंपन्यांचे निकाल येतात, वर्षअखेरचे 60 दिवसांत. तेव्हा वही उघडा आणि भाव न बघता आधी कारण टिकलंय का ते पाहा.

आणखी एक अडचण सांगायला हवी. संघाला मोसमात हजारो शॉट मिळतात, तुमचे वर्षाला आठ-दहा व्यवहार होतात. एवढ्यावरून आपण हुशार की नशीबवान, हे नफ्याचे आकडे सांगू शकत नाहीत. म्हणून तर नोंदीला किंमत.

प्रश्न : केळीचे सहा लाख हातात आले आहेत. एक शेअर तीन महिने सारखा वर चालला आहे, मित्र म्हणतो सगळे त्यात टाक. खेळाडू फॉर्मात असतो तसा शेअरही असतो का?
— वाचक, रावेर तालुका

उत्तर : फॉर्माचा प्रश्न जुना आहे. 1985 मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तिघांनी फिलाडेल्फियाच्या संघाचे शॉट तपासून सांगितलं की दोन-तीन शॉट ओळीने पडले म्हणून पुढचा पडण्याची शक्यता वाढत नाही. पुढे मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या गणितातली त्रुटी दाखवली. फॉर्म थोडा असतो, पण प्रेक्षकांना वाटतो तेवढा नाही. शिवाय ज्याचे शॉट पडतात त्याच्या अंगावर दुसरा डिफेंडर येतो आणि पुढचा शॉट अवघड होतो. शेअरचा भाव चढला की तेच घडतं. नफा तेवढाच राहून भाव दीडपट झाला, तर त्याच कमाईसाठी तुम्ही दीडपट पैसे मोजता.

आधी तुमच्या पैशाची विभागणी करा. पुढच्या मृगबागेची (जून-जुलैच्या लागवडीची) रोपं, ठिबक, खतं, मजुरी आणि घरखर्च असं एक वर्षाचं बाजूला काढा. केळीवर हरण्या हा विषाणूरोग आला किंवा वादळात बाग आडवी झाली तर दुसऱ्या लागवडीला लागेल तेवढं त्यात धरा. समजा हे साडेतीन लाख झाले, तर ते बँकेत मुदत ठेवीत राहू द्या. उरलेले अडीच लाख पाच-सात वर्षं लागणार नसतील तरच शेअर बाजाराकडे वळवा. ते लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) ठेवून तिथून निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टी या शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) एसटीपी लावा, म्हणजे ठरलेली रक्कम दर महिन्याला आपोआप वळती होईल: महिन्याला 20,000, बारा महिने. लिक्विड फंडातून सातव्या दिवसापासून पैसे काढायला एक्झिट लोड (बाहेर पडण्याचं शुल्क) लागत नाही. उरलेले 10,000 तिथेच असू द्या.

विभागणी एवढी ताणून सांगण्याचं कारण 2020 मध्ये दिसलं. जानेवारीत 12,362 वर बंद झालेला निफ्टी 23 मार्चला 7,610 वर आला, म्हणजे 38 टक्के खाली. तो नोव्हेंबरात पुन्हा वर गेला. पण ज्याला जूनमध्ये रोपांसाठी पैसे लागले त्याला नोव्हेंबरचा काय उपयोग? त्याला तोट्यातच विकावं लागलं. मित्राचा शेअर घ्यायचाच असेल तर अडीच लाखांतले पाच टक्के, म्हणजे 12,500, आणि तेही वहीत कारण लिहून.

प्रश्न : कॉलेजात आहे, 20,000 रुपये साठवले आहेत. एक्स्पायरीच्या (मुदत संपण्याच्या) दिवशी ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचे करार, घेतले तर पटकन वाढतील का?
— वाचक, अमळनेर

उत्तर : नका घेऊ. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे (पुढच्या तारखेच्या भावावरचे) व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. अर्ध्या कोर्टवरून बॉल भिरकावतात तो बझर वाजायला एक सेकंद उरलेला असताना, कारण दुसरं काही करायला वेळच नसतो. तुमच्याकडे चाळीस वर्षं आहेत. 500 रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम) सुरू करा आणि बाकीचे अभ्यासासाठी ठेवा.

प्रश्न : 200 ला घेतलेला शेअर 120 वर आला. आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज करू का? की स्टॉपलॉस (भाव ठरावीक आकड्यापर्यंत पडला की आपोआप विक्रीची ऑर्डर) लावू?
— वाचक, धुळे

उत्तर : 100 शेअर 200 ला आणि 100 शेअर 120 ला, म्हणजे सरासरी 160. आता भाव 67 टक्के वाढायची गरज उरत नाही, 33 टक्के पुरतात, म्हणून अ‍ॅव्हरेज करणं गोड वाटतं. पण त्या एका शेअरमधली तुमची रक्कम 20,000 वरून 32,000 झाली, आणि ती कंपनी बुडीत निघाली तर तोटाही तेवढा मोठा. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा शेअर माझ्याकडे नसता तर आज 120 ला मी तो घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल तर विका. 'हो' असेल तरीही एका कंपनीत एकूण पैशाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नका.

स्टॉपलॉसवर फार विसंबू नका. ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर सुरू होते) 115 आणि लिमिट (ज्याखाली विकायचं नाही) 114 लावली, पण सकाळी भाव 105 वरच उघडला, तर ऑर्डर सुरू होते, पण विक्री न होता तशीच पडून राहते. लोअर सर्किट (एका दिवसात भाव पडण्याची कमाल मर्यादा) लागलं की घेणाराच नसतो.

तोट्यात विकला तर वाया जात नाही. बारा महिने किंवा त्याहून कमी काळ ठेवलेल्या शेअरचा तोटा अल्प आणि दीर्घ मुदतीच्या, दोन्ही नफ्यांतून वजा होतो. त्याहून जुन्या शेअरचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. 23 जुलै 2024 पासून अल्प मुदतीच्या नफ्यावर कर 20 टक्के आहे, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, मात्र त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.