छोट्या विमानासाठी ऑक्सिजन सेट कुठला घ्यावा? (नाशिकचा आहे, अमेरिकेत सेस्ना शिकतोय, डोंगरावरून १४-१५ हजार फुटांवर जावं लागेल)

अरे आधी उंचीचा अंदाज घे, आपलं कळसूबाई जेमतेम ५,४०० फूट, आणि तिकडचा नियम म्हणजे केबिन १२,५०० च्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिली की पायलटला ऑक्सिजन हवाच, १४,००० च्या वर तर सतत, आणि १५,००० च्या वर सोबतच्यांसाठीपण ठेवावा लागतो. रात्री नजर त्याच्या खूप आधीच मंदावते, ५ हजारालाच, म्हणून अंधारात मी तरी नियमाची वाट बघणार नाही.

तुझ्यासाठी पोर्टेबल सिलिंडर आणि नाकातली नळी बास. नळी १८,००० पर्यंतच चालते, त्यावर मास्क, आणि दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही हं. खरा पैसा घालायचा तो रेग्युलेटरवर. साधा सतत सोडणारा घेतलास तर श्वास सोडतानाचा ऑक्सिजनपण वाया, पल्स वाला श्वास घेतानाच सोडतो, महाग आहे पण तोच सिलिंडर कितीतरी जास्त पुरतो. फक्त त्याला बॅटरी लागते आणि बोलताना तोंडाने श्वास घेतलास की त्याला कळतच नाही.

कोविडमध्ये घरोघरी आलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ने सोबत, आईच्या कपाटात असेलच, फक्त बोट गार असलं की आकडा भलताच दाखवतो.

आणि हो, व्हॉल्व्हला तेल-ग्रीस अजिबात नको, व्हॅसलीनपण नाही, पेट घेतं.