रक्तसाक्षी की हुतात्मा?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांतल्या संतांची चरित्रं मराठीत वाचताना एकाच व्यक्तीला कुठे 'हुतात्मा', कुठे 'शहीद', तर कुठे 'रक्तसाक्षी' म्हटलेलं दिसतं. पहिले दोन शब्द रोजच्या कानावरचे आहेत. पण साक्षी म्हणजे पाहणारा. ज्याने जीव दिला त्याला साक्षी का म्हणायचं? आणि यातला बरोबर शब्द कोणता?

चूक कुठलाच नाही. तरीही या काळातल्या माणसांबद्दल लिहायचं असेल तर मी 'रक्तसाक्षी'च लिहीन.

इंग्रजीतला 'मार्टर' ज्या ग्रीक 'मार्तुस'वरून आला, त्या शब्दात मूळचं मरण नाहीच. मार्तुस म्हणजे साधा साक्षीदार. कर्ज कोणी घेतलं, शेत कोणी विकलं, हे न्यायाधीशापुढे उभं राहून सांगणारा माणूस. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हा शब्द कूस बदलताना दिसतो. सातव्या अध्यायात स्तेफन या येशूच्या अनुयायाला यरुशलेमच्या वेशीबाहेर दगडांनी ठेचून मारतात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पहिला दगड साक्षीदारांनी मारायचा असे. म्हणून साक्षीदार अंगावरची वस्त्रं उतरवून शौल नावाच्या तरुणाच्या पायांशी ठेवतात. पुढे हाच शौल पौल होतो आणि बाविसाव्या अध्यायात ती घटना आठवून प्रभूला म्हणतो, 'तुझा साक्षी स्तेफन'. सातव्यात दगड मारणारे साक्षी, बाविसाव्यात दगड खाणारा साक्षी, आणि ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच, मार्तुस. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही अध्याय शेजारी ठेवून पुन्हापुन्हा वाचले होते.

आता आपल्या 'साक्षी'कडे येऊ, कारण प्रश्नातली अडचण खरी आहे. साक्षात् पाहतो तो साक्षी, अशी पाणिनीपासूनची व्युत्पत्ती. वेदान्तात तर साक्षी काही करत नाही, काही बोलत नाही, नुसता पाहतो. 'साक्षीभाव' म्हटलं की आपल्याला अलिप्तपणाच आठवतो. अग्निसाक्ष लग्नातला अग्नीसुद्धा मुकाच. मार्तुस मुका असून चालत नाही, त्याला बोलावं लागतं. म्हणजे 'साक्षी असणे' आणि 'साक्ष देणे' यांतला दुसरा अर्थ इथे हवा. 'रक्त' जोडल्यावर तो अलिप्तपणा उरत नाही. रक्ताने साक्ष देणारा, असा समास मनात आपोआप सुटतो.

पण बोलण्याने जीव का जावा? याचं उत्तर रोमन कचेरीत सापडतं. इ.स. ११२च्या सुमारास बिथुनिया (आजच्या तुर्कस्तानातला) या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं, की शिक्षा 'ख्रिस्ती' या नावालाच द्यायची, की त्या नावाला चिकटलेल्या गुन्ह्यांना? आपली पद्धतही त्याने कळवली. तो आरोपीला तीनदा विचारी, तू ख्रिस्ती आहेस का? तिन्ही वेळा 'हो' आलं की देहान्त. नाही म्हणून देवांना धूप-मद्य वाहिलं की सुटका. एका शब्दाच्या होकारावर जगणं-मरणं ठरत होतं.

म्हणून त्या काळच्या कथांमध्ये सगळा प्रसंग त्या एका उत्तराभोवती फिरतो. कार्थेजची पर्पेतुआ घ्या. कार्थेज हे शहर आजच्या ट्युनिशियात. वय बावीसच्या आसपास, घरंदाज, शिकलेली, कुशीत अंगावर पिणारं मूल. ७ मार्च २०३ रोजी तिला आखाड्यात मारण्यात आलं. तिने कैदेत स्वतः लिहिलेला मजकूर टिकून आहे, आणि त्या काळातल्या बाईच्या हातचं इतकं थेट लिखाण फार दुर्मीळ. वडील विनवायला येतात तेव्हा ती जवळ पडलेलं एक भांडं दाखवते. बाबा, ही सुरई म्हणा की आणखी काही, दिसतेय ना तुम्हाला? दिसतेय, ते म्हणतात. तिला ती जे आहे त्याहून वेगळं नाव देता येईल का? नाही. तसंच मलाही, मी जी आहे त्याहून वेगळं काही म्हणवता येणार नाही. मी ख्रिस्ती आहे. पुढे ती लिहिते, की या शब्दाने वडील इतके खवळले की डोळे उपटायलाच निघाल्यासारखे अंगावर धावून आले. या शब्दाने! शब्दचर्चा करणाऱ्याने हे वाक्य जपून ठेवावं. पुढे प्रत्यक्ष सुनावणीत हिलारियानुस या रोमन अधिकाऱ्याने तोच प्रश्न विचारला आणि तिने तेच उत्तर दिलं.

'हुतात्मा' या शब्दात हे बोलणं येत नाही. हुत म्हणजे अग्नीत आहुती म्हणून टाकलेलं. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. 'शहीद'ऐवजी हा शब्द सावरकरांनी रूढ केला आणि तो मराठीत असा रुजला, की मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनचा चौक आज हुतात्मा चौक आहे. शब्द भारदस्त आहे, सुंदर आहे. त्याची नजर अर्पणावर आहे, आणि ही नजर आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना परकी होती असंही नाही. स्मुर्णा, म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझमीर, तिथला म्हातारा बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यावर मारला गेला. तिथल्या मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समुदायाने, लिहिलेल्या वृत्तान्तात चितेवर हात मागे बांधलेला पॉलिकार्प कळपातून निवडून काढलेल्या होमबलीच्या मेंढ्यासारखा दिसतो. आपला स्वीकार यज्ञबली म्हणून व्हावा, अशी प्रार्थना तो करतो. आग पेटल्यावर भाजत्या मांसाचा वास येत नाही, भाकरी भाजल्यासारखा येतो. 'हुतात्मा' हा शब्द अक्षरशः लागू पडेल असा माणूस शोधायचा तर तो हाच. तरीसुद्धा त्याच वृत्तान्तात चितेच्या आधी एक दवंडी आहे. सुभेदाराचा भालदार मैदानाच्या मध्यभागी जाऊन तीनदा पुकारतो, 'पॉलिकार्पने आपण ख्रिस्ती असल्याची कबुली दिली आहे.' कबुली आधी, आग नंतर. आणि मरणाने पुरी झालेली साक्ष, हा मार्तुसचा अर्थ स्पष्टपणे रुळलेला पहिल्यांदा दिसतो तोही याच लिखाणात.

शहिदाबद्दल थोडक्यात. अरबीत शहीद म्हणजेही मुळात साक्षीदार, आणि सिरियाक या पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती भाषेतला 'साहदा' हा शब्द त्याच धातूचा. मराठीत मात्र 'शहीद' म्हटल्यावर साक्ष कोणाला आठवत नाही. आठवतो तो सीमेवरचा जवान. उलट तमिळ आणि मल्याळममध्ये 'रक्तसाक्षी' हाच रुळलेला शब्द आहे. केरळात तर तो चर्चबाहेर पडून राजकीय चळवळीत मेलेल्या कार्यकर्त्यांनाही लावतात. तेव्हा तो कानाला परका वाटला, तरी पुस्तकात घडवलेला अवजड शब्द नव्हे.

एक बारकावा मात्र भाषांतर करणाऱ्याने सांभाळायला हवा. इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या (आजचा फ्रान्स) लुग्दुनुम, म्हणजे आजच्या लिऑं शहरात छळ झाला. तिथल्या मंडळीचं पत्र युसेबियस या आरंभीच्या चर्च-इतिहासकाराच्या ग्रंथात उतरलेलं आहे. ब्लँडिना ही दासी त्यातलीच. सांक्तुस हा डीकन, म्हणजे मंडळीतला धर्मसेवक, नाव, गाव, जात, काहीही विचारलं तरी लॅटिनमध्ये एकच उत्तर देत राहिला, मी ख्रिस्ती आहे. चटके खाऊन, श्वापदांपुढून परत कोठडीत आलेल्या या माणसांना बाहेरचे कोणी 'मार्तुस' म्हणू लागले की ती रागवत. ते नाव ख्रिस्ताचं आणि जे साक्ष देत गेले त्यांचं, आम्ही फक्त कबुली देणारे, असं त्यांचं म्हणणं. पुढे चर्चने हा भेद कायम ठेवला : छळ सोसून जिवंत राहिलेल्यांना वेगळं नाव मिळालं, इंग्रजीत 'कन्फेसर'. अशा व्यक्तीला मराठीत हुतात्मा किंवा रक्तसाक्षी लिहू नये. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात, लोकांसमोर ख्रिस्ताला उघडपणे आपलं म्हणण्यासाठी, मराठी बायबलात 'पत्करणे' हे क्रियापद आहे. 'विश्वास पत्करलेला' किंवा नुसतं 'कबुलीदार साक्षी' मला चालेल. 'धर्मवीर' नको, त्यात तलवार दिसते.

चालवायला शब्द सोपा आहे. ती रक्तसाक्षी, तो रक्तसाक्षी, ते रक्तसाक्षी, रक्तसाक्षींची चरित्रं, पर्पेतुआने रक्तसाक्ष दिली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले, त्यांच्याबद्दलही मी हाच शब्द वापरतो. नुसतं 'साक्षी' तेवढं एकटं सोडू नका, वाचक वेदान्ताकडे वळेल.