वाचक विचारतात: गाडी ठोकली, आता पुढे?

प्रश्न (एरंडोल): पारोळ्याकडून रात्री येताना कापसाने भरलेली ट्रॉली दिसलीच नाही, गाडी मागून धडकली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कुणाला लागले नाही. जमलेले लोक म्हणाले, पाच हजार घ्या अन् आपसात मिटवा. आम्ही घेतले आणि गाडी तशीच चालवत घरी आणली. दोन दिवसांनी गॅरेजवाल्याने छत्तीस हजार सांगितले. आता क्लेम मिळेल का?

उत्तर: विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी त्यातून काही मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचेही नुकसान भरणारा असेल, तर आजच कंपनीला कळवा. घेतलेले पाच हजार लपवू नका. ते नंतर उघड झाले की खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून सगळाच क्लेम अडकतो.

रस्त्यावरची तडजोड महागात पडते, कारण अंधारात फक्त बंपर दिसतो. समोरून धडक बसली की बंपरच्या मागे आधी एसीचा कंडेन्सर, मग रेडिएटर, मग पंखा अशी रांग असते. म्हणून गाडी चालू करण्याआधी खाली वाकून बघा. हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी पाणी टपकत असेल तर ते कूलंट. अशी गाडी चार-पाच किलोमीटर जरी रेटली तरी इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सील, जाऊ शकते. मग नुकसान तपासायला आलेला विम्याचा सर्व्हेअर लिहितो की हे नुकसान धडकेचे नाही, नंतर चालवल्यामुळे झालेले आहे, आणि इंजिनाचा खर्च तुमच्या माथी येतो. तुमच्या छत्तीस हजारांत इंजिनाचे काम किती आणि समोरचे किती, हे एस्टिमेटमध्ये वेगळे लिहून घ्या. शंका असेल तिथे गाडी टोचन करूनच न्यावी. ऑटोमॅटिक असेल तर चारही चाके वर घेणारी क्रेन मागवा. एअरबॅग फुटली असेल तर गाडी चालू करूच नका. आत पसरलेली पांढरी भुकटी धुरासारखी दिसते, पण ती एअरबॅगमधली असते. सीएनजी गाडीत वास आला तर इंजिन बंद करून टाकीचा व्हॉल्व्ह आधी फिरवा.

पुढच्या वेळेसाठी क्रम सांगतो. हजार्ड दिवे लावा, माणसे रस्त्याच्या कडेला, गार्डरेलच्या पलीकडे उभी करा. लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड आणि बाभळीच्या फांद्या मांडतात. गाडी गेली तरी दगड तिथेच राहतात आणि पहाटे दूधवाल्याची मोटारसायकल त्यावर जाते. मांडलेच तर जाताना उचला.

गाडी हलवण्याआधी फोटो काढा: चारही बाजू, दोन्ही नंबर, किलोमीटरचा दगड, ब्रेकच्या खुणा, आणि ट्रॉलीचा मागचा भाग. रिफ्लेक्टर नव्हता, हे नंतर तोंडी सिद्ध होत नाही. ट्रॅक्टरचा नंबर घ्या आणि ट्रॉलीचाही शोधा, कारण ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. अनेकदा नसतेच, आणि विमाही नसतो. भरपाईचे भांडण पुढे तिथेच पेटते. मग ११२ ला फोन करून पोलिस ठाण्यात नोंद करा. महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

प्रश्न (शहादा): आपल्या गाडीने माणूस जखमी झाला आणि जमाव अंगावर आला, तर थांबायचे की निघायचे?

उत्तर: मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते की चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर सूट मिळते, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे जीव वाचवण्यासाठी तिथून निघणे आणि पळून जाणे यात कायदा फरक करतो. निघालात तर थेट जवळच्या पोलिस ठाण्यात जा, वाटेतून ११२ आणि १०८ ला फोन करा. घरी जाऊन सकाळी वकिलाला विचारू, असे केले की तुम्ही पळून गेलेले ठरता. पोलिसांना कळवायची कमाल मुदत २४ तास आहे. ती आरामात वापरायची गोष्ट नव्हे.

थांबता येत असेल तर जखमीची मान वळू देऊ नका, हेल्मेट ओढू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि दाब सोडू नका. टमटमच्या मागच्या सीटवर दुमडून नेल्याने मणक्याची दुखापत वाढते. श्वास चालू असेल आणि रुग्णवाहिका येत असेल तर तिची वाट बघणे बरे.

पैशांवाचून उपचार अडू नयेत म्हणून २०२५ च्या केंद्रीय योजनेत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार विनारोकड मिळतो. दाखल करतानाच रुग्णालयात तसे सांगा. जखमीला आणून सोडणाऱ्या वाटसरूवर पोलिस नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. कलम १३४अ त्याच्यासाठीच आहे.

प्रश्न (शिरपूर): सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात ट्रकने धडक देऊन पळ काढला. भावाचा पाय मोडला. हद्द मध्य प्रदेशची. दाव्यासाठी तिकडे खेटे घालावे लागतील का?

उत्तर: एफआयआरचा तपास तिथलेच ठाणे करील. पण तक्रार महाराष्ट्रातल्या ठाण्यातही देता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंदवून ती पुढे पाठवली जाते.

भरपाईचा दावा मात्र अपघाताच्या जागी, दावेदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. म्हणजे धुळ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. कलम १६६ मधली मुदत सहा महिने आहे. प्लास्टर निघाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्यांचे त्यातच चार महिने जातात.

ट्रक सापडला नाही तर 'हिट अँड रन' योजनेतून गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. हा अर्ज मात्र अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे, म्हणजे तिकडेच, करावा लागतो. पण आधी ट्रक शोधा. टोलनाका आणि ढाब्यांचे कॅमेरे जुने चित्रण पुसून नवे घेतात. म्हणून तपास अधिकाऱ्याला पहिल्या एक-दोन दिवसांतच लेखी अर्ज देऊन वेळ आणि दिशा कळवा, पोच घ्या. रुग्णालयात दाखल करताना 'घाटात पडला' असे लिहू देऊ नका. तिथे 'वाहनाची धडक' हे शब्द आणि एमएलसी नंबर (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाचा रुग्णालयातला नोंद क्रमांक) हवाच. पहिल्या नोंदीतला 'पडला' हा एक शब्द पुढे दावा पाडतो.

प्रश्न (भुसावळ): वीस हजारांच्या बिलातले फक्त अकरा हजार आठशे मंजूर झाले. कंपनीने फसवले का?

उत्तर: बहुतेक नाही. घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याने घटलेली किंमत, बघा. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर निम्मी रक्कम कापतात, काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांची कपात गाडीच्या वयाप्रमाणे वाढते: दुसऱ्या वर्षात १० टक्के, पाचव्या वर्षात ३५. तुमची गाडी साडेचार वर्षांची आहे. आठ हजारांच्या बंपरचे चार हजार गेले, बारा हजारांच्या बोनेटचे चार हजार दोनशे गेले. उरलेल्या अकरा हजार आठशेंतून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला आणखी एक हजार सक्तीने वजा होतात, ते तुमच्या पत्रात दिसत नाहीत. म्हणजे हाती दहा हजार आठशेच यायचे. विम्याच्या नूतनीकरणात झिरो डेप हे जादा कवच घेतले असते तर घसारा लागला नसता. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत जुना बंपर आणि बोनेट गॅरेजमधून हलू देऊ नका, सर्व्हेअर दुसऱ्या तपासणीत ते मागतो.