एस्टेट सेलला रोझव्हिलची फुलदाणी दिसली, घेऊ का? जुनी अमेरिकन आर्ट पॉटरी जमवायला सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच डेटनला राहायला आलात, शनिवारी एका एस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे, मॅग्नोलियाच्या फुलांची निळी फुलदाणी बघितली, बुडाला रोझव्हिल असं जुन्या अमेरिकन कारखान्याचं नाव आहे, ४५ डॉलर सांगतायत आणि उद्यापर्यंत ठरवायचंय. मी कोलंबसला बारा वर्षं राहते आणि त्यातली दहा वर्षं हाच नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उद्याचं. परत जा, फुलदाणी उलटी करा आणि बूड नीट बघा. मॅग्नोलिया हे डिझाईन १९४० च्या दशकातलं, त्या काळात रोझव्हिलच्या मालावर उठावाची अक्षरं यायची, रोझव्हिल, सोबत यू.एस.ए. आणि एक नंबर. नंबर समजा ९१-८ असेल तर त्यातला ८ म्हणजे आठ इंच, तेव्हा टेप घेऊन जा आणि मोजा. १९९० च्या दशकात चीनमधून नकला यायला लागल्या, त्यातल्या खूपशांवर नाव अगदी तसंच उठावाचं असतं पण यू.एस.ए. नसतं, किंवा असलं तरी इतकं पुसट की बोटाला लागत नाही. उठावाचं नाव आहे आणि यू.एस.ए. नाही म्हटल्यावर मी तर सरळ खाली ठेवते. पण याचं उलटं मात्र धरून चालू नका हं, कारण १९२० आणि ३० च्या दशकातल्या त्यांच्या कितीतरी चांगल्या वस्तूंवर फक्त कागदी लेबल असायचं, ते कधीच निघून गेलेलं असतं आणि बूड कोरं दिसतं, तरी वस्तू अस्सल.

माझी पहिली खरेदी नकली निघाली. एका अँटिक मॉलमध्ये घेतली, ९० डॉलर मोजले, घरी आणून खिडकीत ठेवली आणि महिनाभर मिरवली. नंतर एका ओळखीच्या बाईंकडे अस्सल मॅग्नोलिया हातात घेतली तेव्हा कळलं. अस्सलच्या पाकळीला कड असते, मधे रंग विरळ होत जातो, फांदीचा तपकिरी रंग फांदीवरच थांबतो. माझ्याकडच्या फुलांवर रंग नुसता थापलेला, केकवरच्या आयसिंगसारखा, कान जाड आणि वजन उगाच जास्त. खूप वाईट वाटलं होतं, पण त्यानंतर एक नियम केला तो आजही पाळते, अस्सल वस्तू हातात धरून बघितल्याशिवाय त्या डिझाईनची वस्तू विकत घ्यायची नाही.

दुसरी तपासणी तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडे माठ घेताना टिचकी मारून बघतात ना, अगदी तेच. तळहातावर ठेवून कडेला हलकी टिचकी मारा, खणखणीत वाजली तर बरं, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे किंवा तुटलेलं जोडून वरून रंगवलंय. अरुंद तोंडाच्या किंवा जाड फुलदाण्या तशाही बद्द वाजतात, तिथे काठावरून नख फिरवा, बारीक टवका उडालेला असेल तर लगेच अडकतं, आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात धरा, डागडुजीचा रंग बहुतेक वेळा वेगळाच चमकतो. ग्लेझला, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराला, बारीक जाळी पडलेली असेल तर घाबरू नका. ग्लेझ आणि माती कमीजास्त आकसतात म्हणून ती पडते, जुन्या वस्तूत चालते. तडा मात्र चालत नाही.

आता जमवण्याचं. सगळंच गोळा करायला गेलात तर घर भरेल आणि डोळा काही तयार होणार नाही, म्हणून एक कारखाना धरा. तुम्ही ओहायोत आहात हे नशीब समजा. झेन्सव्हिलच्या आसपास चांगली माती, नैसर्गिक गॅस आणि रेल्वे तिन्ही होतं, त्यामुळे रोझव्हिल, वेलर, जवळच मकॉय, हल असे एकाहून एक कारखाने तिथेच वाढले. रोझव्हिल १९५४ ला बंद पडलं, वेलर त्याच्या आधी १९४८ ला. वेलरकडे जाक सिकार नावाचा फ्रेंच माणूस १९०२ पासून काही वर्षं होता, त्याच्या धातूसारख्या झळाळणाऱ्या ग्लेझच्या फुलदाण्या झेन्सव्हिल म्युझियम ऑफ आर्टमध्ये बघायला मिळाल्या तर काचेसमोर दोन पावलं डावीउजवीकडे होऊन बघा, जांभळ्याचा हिरवा होतो.

माझा जीव मात्र रुकवुड या कारखान्यावर. सिनसिनाटीत १८८० साली मारिया लाँगवर्थ निकोल्स या बाईंनी तो सुरू केला, आणि त्या वस्तूचं बूड म्हणजे अक्षरशः जन्मपत्रिका. उलटा आर आणि पी एकमेकांना चिकटवलेली खूण १८८६ ला आली, मग पुढच्या वर्षापासून दरवर्षी वर एक ज्वाळा वाढवत नेली, १९०० साली चौदा ज्वाळा झाल्या आणि १९०१ पासून खाली रोमन आकडे. म्हणजे नऊ ज्वाळा मोजल्या की १८९५. शेजारी आकाराचा नंबर असतो आणि रंगवणाऱ्या कलाकाराची खूण. कातारो शिरायामादानी हे जपानी चित्रकार १८८७ ला तिथे आले आणि मधली काही वर्षं सोडली तर १९४८ ला वारेपर्यंत तिथेच रंगवत राहिले, त्यांची सही जपानी अक्षरांत. मी ती पहिल्यांदा सिनसिनाटी आर्ट म्युझियमच्या एका कॅटलॉगमध्ये बघितली आणि कितीतरी वेळ त्या एका पानावरच होते, इतक्या लांब येऊन माणूस आपल्या लिपीत सही करतोय हे मला फार जवळचं वाटलं. त्यांचं काम आपल्या बजेटमध्ये बसत नाही. पण रुकवुडच्या ज्या वस्तूत कारखान्यालाच काही खोट दिसायची तिच्या बुडाला घासायच्या चाकाने फुली कापायचे, ती फुलीवाली वस्तू बरीच स्वस्त पडते आणि खोट कधीकधी शोधूनही सापडत नाही. माझ्याकडे १९२० ची तशी एक आहे, व्हेलम ग्लेझची, धुक्यातून बघावं तशी झाडं, हात फिरवला की मेणासारखी लागते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगेन, दहा बऱ्या वस्तूंपेक्षा अशी एक.

पैसे वाढतील म्हणून घेऊ नका एवढं कळकळीने सांगते. मॅग्नोलियासारख्या साच्यातून काढलेल्या वस्तूंचे भाव खालीवर होत राहतात, आणि विकायला गेलं की दुकानदार अर्धेही देत नाही.

तुमची मॅग्नोलिया यू.एस.ए.सकट निघाली, नंबरातल्या इंचांइतकी भरली, खणखणीत वाजली तर ४५ ला नक्की घ्या, घासाघीस करू नका. आणताना पेपरात गुंडाळून सीटवर ठेवू नका, खोक्यात खोकं, मधे चारी बाजूंनी भुसभुशीत काहीतरी. खायचं काही त्यात वाढू नका, जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. आणि थेट पाणी घालू नका. मी एका दसऱ्याला वेलरच्या फुलदाणीत झेंडू ठेवले होते, बाहेरून तडा नाही, काही नाही, पण ग्लेझच्या जाळीतून पाणी मातीत मुरलं आणि सकाळी सागवानी टेबलावर पांढरं वर्तुळ, ते अजून गेलेलं नाही. आता आत काचेचा उंच ग्लास बसवते, पाणी त्यात, फुलं त्यात.