दाताच्या इम्प्लांटवरील अबटमेंट टायटॅनियमचे अधिक काळ टिकते की झिर्कोनियाचे?

वरचा मधला दात गेल्यानंतर बसवलेला आपला इम्प्लांट आता हाडात पक्का झाला आहे. त्यावर टायटॅनियम या धातूचे अबटमेंट घ्यावे की झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचे, यांपैकी कोणते अधिक वर्षे टिकेल आणि झोपेत दात खाण्याच्या सवयीमुळे या निवडीत काही फरक पडतो का, असे आपण विचारले आहे. मी कृत्रिम दात बसवणारा दंतवैद्य आहे आणि अनेक वर्षे हेच काम करतो. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो, परंतु तो बहुधा अर्धाच विचारला जातो असे मला वाटते.

अबटमेंट म्हणजे हाडातला इम्प्लांट आणि वर दिसणारी कॅप यांना जोडणारा मधला खुंट. त्याचे खालचे टोक इम्प्लांटच्या आत घट्ट बसते आणि स्क्रूने आवळले जाते, मधला भाग हिरडीतून वर येतो आणि वरचा भाग कॅप पेलतो. खालच्या टोकाला जो गुण हवा असतो तोच हिरडीजवळ हवा असतो असे नाही. म्हणून ‘कोणता पदार्थ चांगला’ असे न विचारता, इम्प्लांटच्या आत कोणता पदार्थ टेकणार आहे आणि हिरडीला कोणता लागणार आहे, असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत.

आधी खालच्या टोकाविषयी लिहितो, कारण टिकाऊपणाचा खरा निकाल तिथेच लागतो. काही वर्षांपूर्वी कॅप किंचित हलते अशी तक्रार घेऊन एक रुग्ण माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचे अबटमेंट खालपासून वरपर्यंत अखंड झिर्कोनियाचे होते. स्क्रू सोडवून ते बाहेर काढले आणि पांढऱ्या गॉजने पुसले, तर गॉजवर शिसपेन्सिलीने ओढावी तशी काळपट रेघ उमटली. भिंगाखाली पाहिले तेव्हा झिर्कोनियाच्या कडा जशाच्या तशा धारदार होत्या, आणि इम्प्लांटच्या तोंडाशी मात्र धातू घासून चकचकीत झाला होता. ती रेघ टायटॅनियमच्या भुकटीची होती. झिर्कोनियाचा कठीणपणा विकर्स मापनावर साधारण १२०० च्या घरात असतो आणि टायटॅनियमचा त्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे चावताना या दोघांमध्ये होणारी सूक्ष्म हालचाल नेहमी धातूलाच झिजवते. प्रयोगशाळेत चावण्याचा भार पुन्हा पुन्हा देऊन केलेल्या चाचण्यांतही हेच आढळले आहे. अबटमेंट झिजले तर ते बदलता येते, स्क्रूही बदलता येतो, पण हाडाशी एकजीव झालेला इम्प्लांट सहजासहजी बदलता येत नाही. जो भाग बदलता येत नाही तोच झिजावा, अशी रचना शक्य असेल तेव्हा टाळावी, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय टायटॅनियम ताण आला की किंचित वाकते, तर झिर्कोनिया वाकत नाही, मर्यादा ओलांडली की तडकते. खालच्या टोकाची भिंत पातळ असते आणि तडा बहुधा तिथेच जातो, त्यामुळे तुटलेला तुकडा इम्प्लांटच्या आत अडकून राहण्याची भीती असते.

आता हिरडीविषयी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, कुत्र्यांवर केलेल्या एका स्वीडिश अभ्यासात टायटॅनियम आणि अॅल्युमिना सिरॅमिक यांच्याभोवती हिरडी व्यवस्थित चिकटली, तर सोन्याच्या मिश्रधातूभोवती आणि पोर्सिलेनभोवती ती मागे सरकली व खालचे हाडही झिजले. माणसांमधील पुढच्या अभ्यासांत सोन्याच्या मिश्रधातूबाबत इतका ठळक फरक सातत्याने दिसला नाही, परंतु हिरडीच्या दृष्टीने टायटॅनियम आणि झिर्कोनिया हे दोन्ही विश्वासार्ह पदार्थ आहेत, याविषयी फारसा वाद उरलेला नाही. झिर्कोनियावर जिवाणूंचा थर थोडा कमी साचतो असे काही अभ्यास सांगतात, पण पाच वर्षांच्या तुलनेत त्यामुळे हाड अधिक वाचते असे दिसलेले नाही. रोजची स्वच्छता या फरकापेक्षा कितीतरी मोठे काम करते.

खरा फरक रंगाचा आहे. हिरडी पातळ असेल तर टायटॅनियमची करडी छटा तिच्यातून झिरपते. डुकरांच्या जबड्यांवर केलेल्या रंगमापनात हिरडीची जाडी ३ मिलिमीटर असेल तर कोणत्याही पदार्थाचा फरक डोळ्यांना जाणवला नाही, मात्र २ मिलिमीटर जाडीला झिर्कोनियाच सरस ठरले. आपला दात ओठ उचलताच दिसणारा असल्यामुळे डॉक्टरांकडून हिरडीची जाडी अवश्य मोजून घ्यावी. (सोनेरी नायट्राइडचा मुलामा दिलेले टायटॅनियमही मिळते. त्याने करडेपणा बराच कमी होतो.)

टिकण्याच्या आकडेवारीबद्दलही थोडे सांगायला हवे. २००९ मधील एका व्यापक आढाव्यात पाच वर्षांनंतर धातूची आणि सिरॅमिकची, दोन्ही प्रकारची अबटमेंट ९७ टक्क्यांहून अधिक टिकलेली आढळली. हा आकडा वाचून दोन्ही सारखीच आहेत असे म्हणण्याचा मोह होतो, पण सिरॅमिकची बरीचशी अबटमेंट पुढच्या दातांवर, म्हणजे कमी भाराच्या जागी बसवलेली होती, आणि धातूचा इतिहास त्यांच्यापेक्षा फार लांब आहे. टायटॅनियमचे पहिले इम्प्लांट ज्या रुग्णाला १९६५ साली स्वीडनमध्ये बसवले गेले, त्याच्या तोंडात ते ४० वर्षांहून अधिक काळ, त्याच्या मृत्यूपर्यंत टिकले.

दात खाण्याच्या सवयीने निवड बदलते का? होय, निश्चित बदलते. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते आणि दाबाखाली दात काही दशांश नव्हे, पण शतांश मिलिमीटर तरी खचतो. इम्प्लांटला ती गादी नसते आणि दाबाची जाणीवही बोथट असते, त्यामुळे झोपेतला सगळा जोर इम्प्लांट आणि अबटमेंट यांच्या जोडावर आणि स्क्रूवर येतो. आपल्या बाबतीत अखंड झिर्कोनिया मी बसवणार नाही. हिरडी जाड असेल तर टायटॅनियम, आणि पातळ असेल तर टायटॅनियमच्या पायावर चिकटवलेले झिर्कोनिया, म्हणजे इम्प्लांटच्या आत धातू आणि हिरडीजवळ पांढरा पदार्थ, असे मी सुचवेन. या जोडाचे चिकटवलेले ठिकाण कधीकधी सुटते, हा त्याचा दोष आहे, पण सुटलेला भाग पुन्हा चिकटवता येतो आणि इम्प्लांटला धक्का लागत नाही. सोबत रात्री घालायचा नाइट गार्ड हवाच.

पदार्थाइतकेच महत्त्व नेमक्या बसणाऱ्या भागाला आहे. ज्या कंपनीचा इम्प्लांट, त्याच कंपनीचे अबटमेंट आणि स्क्रू आहेत का, हे विचारा, कारण ‘चालेल’ म्हणून वापरलेल्या दुसऱ्या भागात सूक्ष्म फट राहिली तर उत्तम पदार्थही सैल होतो. स्क्रू टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), कंपनीने सांगितलेल्या मापाला, जे बहुतेक वेळा २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असते, आवळला जावा आणि सुमारे १० मिनिटांनी पुन्हा एकदा त्याच मापाला आवळला जावा, कारण पहिल्यांदा आवळताना बसलेला ताण थोडा उतरतो. इम्प्लांटचे नाव, आकार आणि हे माप लिहिलेला कागद स्वतःजवळ ठेवा.

पुढे कधी कॅप जिभेला किंचित हलल्यासारखी वाटली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. सैल स्क्रू आवळणे हे सहसा काही मिनिटांचे काम असते, पण तसाच चावत राहिल्याने तुटलेला स्क्रू इम्प्लांटच्या आतून काढायला मला एकदा सबंध दुपार लागली आहे.