सही एकट्याची असते

चिरंजीवास आशीर्वाद.

परवा ट्रेनिंग संपल्यावर तू कार पार्कात बुटाचा चिखल खरवडत बसला होतास. एकाच बुटाचा. दुसरा शेजारी तसाच पडला होता. मग फोन पुढे करून जुळ्या भावाचा मेसेज दाखवलास: तुला नाही तर मलाही नको, सोमवारी क्लबला नाही कळवतो. मी तेव्हा गप्प बसलो, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहिलं तर मी कोच होतो आणि मला तुझा काका म्हणून बोलायचंय. आजीने तुला वाचायला शिकवलंय. अडखळलास तरी चालेल.

तू कसा खेळतोस ते तुला माहीत आहे, त्यावर मी शाई घालवत नाही. सोळाव्या वर्षी फुटबॉल क्लबची अकॅडमी पोरं निवडते, दोन वर्षांची स्कॉलरशिप देते. त्याला मिळाली, तुला नाही. वाईट झालं. पण तू मला विचारलंस, ‘काका, तो स्वतःहून म्हणतोय तर सोडू दे ना?’ नाही. सोडू द्यायचं नाही. तो कागद त्याच्या नावाचा आहे. सही एकट्याची असते.

आपल्याच भागातले ॲडम आणि जेम्स चेंबर्स घे. जुळे. दोघेही वेस्ट ब्रॉमविच अल्बियनमध्ये वाढले, दोघेही पहिल्या संघात पोचले. मग वाटा फुटल्या. जेम्स वॉटफर्ड, लेस्टर, डॉनकॅस्टर करत फिरला. ॲडम किडरमिन्स्टरला, मग लेटन ओरिएंटला. आज इथे, दोन वर्षांनी तिथे, करार संपला की पुन्हा बॅग भरा, खालच्या डिव्हिजनमधलं आयुष्य असंच असतं. ॲडम 2011 मध्ये वॉल्सॉलला आला, 2013 मध्ये जेम्सही आला. वॉल्सॉलच्या बेस्कॉट मैदानावर मी त्यांना एकत्र पाहिलंय. स्टँडच्या वरच्या रांगेतून चेहरा ओळखू यायचा नाही, पाठीवरचा आकडा बघायला लागायचा. तिशी ओलांडलेले दोघे भाऊ एका रंगाच्या शर्टात. पण मधली इतकी वर्षं एकाने दुसऱ्यासाठी करार फाडला असता, तर पुन्हा भेटायला वॉल्सॉल उरलं असतं का? सांग मला.

तू फुचर बंधूंचं नाव काढशील, मला माहीत आहे, कारण मीच तुला त्यांच्याबद्दल सांगितलंय. पॉल बचावात, रॉन पुढे. चेस्टर, ल्यूटन, मँचेस्टर सिटी, तिन्ही ठिकाणी सोबत. खरं आहे. पण तिथे क्लबांना दोघेही हवे होते. एकाने दुसऱ्याला उपकार म्हणून नेलं नव्हतं. आणि पुढे रॉन अमेरिकेत मिनेसोटाला गेलाच की.

मॉर्गन बंधूंचं मात्र कधी सांगितलं नव्हतं. रॉजर आणि इयन, क्वीन्स पार्क रेंजर्सचे. 1967 मध्ये हा तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब लीग कपच्या अंतिम सामन्याला वेम्बलीवर उतरला. समोर पहिल्या डिव्हिजनमधलं आपलं अल्बियन. मध्यंतराला 0-2 पिछाडी. रेंजर्सचा पहिला गोल रॉजरने मारला आणि सामना 3-2 ने जिंकला. इयन त्या दिवशी अकरांत नव्हता. त्या रात्री त्या घरात काय झालं असेल याचा विचार मी आयुष्यभर करत आलोय. 1969 मध्ये रॉजर टॉटनहॅमला गेला. इयन रेंजर्समध्येच राहिला, तिथेच खेळत राहिला. रॉजरने जायला नको होतं, असं मला कोणी सांगू नये.

आता माझं. मलाही जुळा भाऊ आहे, हे तुला ठाऊक नसेल. कोल्हापुरात आम्ही एकाच तालमीच्या संघातून खेळायचो, मी उजवीकडे, तो डावीकडे. शाहू स्टेडियमवर लोक आम्हाला एकाच नावाने हाका मारायचे. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने मला ट्रायलला बोलावलं, नोकरीसकट. त्याला नाही. ‘दोघं नाहीतर कुणीच नाही’ असं आमचं लहानपणापासून ठरलेलं. मी गेलो. रात्रीच्या एसटीने गेलो, तो झोपला असताना. त्याचे शिनगार्ड घेऊन गेलो, माझे फाटले होते.

अकरा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. लोक म्हणतात मी स्वार्थी. नव्हतो. मी न जाऊन त्याला काय मिळालं असतं? बघायला येणारी माणसं मला बघायला आली होती, हे काय मी ठरवलं होतं? घरात एक पगार सुरू झाला, धाकट्या बहिणीचं लग्न त्यातून झालं. मी गेलो ते बरोबरच होतं. चूक एवढीच की त्याला उठवलं नाही. दिवा लावून समोर बसून सांगायला हवं होतं, मग त्याने चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

म्हणून तुझ्यावर चिडतोय. तुझा भाऊ तुला न सांगता जात नाहीये, उलट थांबतोय, आणि तू त्याला थांबू देतोयस. अरे, तो थांबला तर पुढची वीस वर्षं प्रत्येक वाईट सामन्यानंतर त्याला तो कागद आठवेल. तुलाही आठवेल. जेवणाच्या ताटावर आठवेल. सही एकट्याची असते, लेका, आणि तुझी अजून व्हायची आहे.

विल कीनचं बघ. जुळा भाऊ मायकेल इंग्लंडकडून खेळला. विलचा गुडघा 2012 मध्ये गेला, ऐन एकोणिसाव्या वर्षी. मग खालच्या डिव्हिजनमध्ये फिरला आणि 2021-22 च्या मोसमात विगनसाठी लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पातळीवर, 26 गोल मारून आला. त्या मोसमात विगन पहिलं आलं. हा सगळा मधला रस्ता त्याने स्वतःच्या पायाने तुडवला, भावाच्या गाडीत बसून नाही.

आज रात्रीच भावाशी बोल. फोनवर नको, समोर बसून. त्याने सही करावी हे तूच त्याला म्हण, आईबाबांकडून वदवून घेऊ नकोस. तो रडला तर रडू दे. तूही रड.

शनिवारी त्याच्या अंडर-एटीनचा सामना सकाळी आहे. मी सव्वानऊला दाराशी गाडी घेऊन येतो, आपण दोघं तो बघू, टचलाइनवर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडू. तीन वाजता तुझा. तुझे बूट आदल्या रात्रीच साफ कर. दोन्ही.

तुझा काका